अर्ध्या बोटाचा हेवा

माघ सरत आला की पहाटे आमच्या शिवाजी पेठेतल्या रस्त्यावरून पावलांचा आवाज जायला लागतो. कॅनव्हासच्या बुटांचा, फटक फटक असा. हवेत अजून गारवा असतो, वारा बरोबर असला तर गावाबाहेरच्या गुऱ्हाळांचा गोडसर, किंचित जळका वास पेठेपर्यंत येतो, आणि त्या वासातून पोरं-पोरी रंकाळ्याकडं पळत जातात. पोलीस भरती निघालेली असते. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहते आणि पोरींकडं बघते. एखादी उंच, शेलाटी पोरगी लांब टांगा टाकत इतरांना मागं सारून गेली की माझ्या पोटात जे होतं त्याला हेवा म्हणतात. दुसरा जरा बरा शब्द मी पुष्कळ शोधला, सापडला नाही. तिशी ओलांडली, कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, नावामागं पदव्या लागल्या, आणि तरीही मी सकाळी सकाळी अठरा वर्षांच्या पोरींवर जळत उभी असते. चहा गार होतो.

लोकांना उन्हाळा आंब्यानं कळतो, थंडी हुरड्यानं कळते. मला वर्षातला एकच ऋतू नीट कळतो, तो भरतीचा. त्याचा वास गुळाचा, चव भिजवलेल्या हरभऱ्याची आणि कच्च्या अंड्याची, आणि अंगाला लागते ती फौंड्रीतली काळी वाळू. ही वाळू कुठून आली ते सांगायचं तर मला नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडं जायला हवं.

तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या गल्लीतली पोरं तालमीत घुमायची, फुटबॉल खेळायची आणि मोसम आला की भरतीला जायची. त्यात आता मुलींसाठीही जागा निघायला लागल्या होत्या. खाकी कपड्यातली बाई मी पहिल्यांदा बिंदू चौकात पाहिली. तिनं नुसता हात वर केला आणि एस.टी. थांबली. एवढी मोठी लाल एस.टी., आतल्या सगळ्या माणसांसकट. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. नवरा नको, बांगड्या नकोत, बी.ए.सुद्धा नको. फक्त तो वर केलेला हात हवा होता.

अडचण उंचीची होती. देवानं मला बाकी सगळं दिलं, उंची देताना त्याचा हात आखडला. आई म्हणायची, पोरीच्या जातीला पुरेशी आहे. भरतीला ती पुरेशी होती की नाही हे दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारून आप्पा रोज बघायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत साचे भरायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कानातसुद्धा काळी वाळू असायची. एखाद्या दिवशी मी रेघेला लागायचे, एखाद्या दिवशी खाली राहायचे. तालमीत मुलींना मज्जाव होता, म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या पाइपला लोंबकळायचे. गल्लीतल्या बायका नळावर भांडी घासता घासता वर बघून हसायच्या.

एकटीनं पळायला आई सोडेना, म्हणून मी सुनंदाला ओढलं. सुनंदा शाहूवाडीकडची. भाताची शेती, घरात बुद्धाची तसबीर, पाठीला पाठ लावून भावंडं. कॉलेजसाठी ती आमच्या गल्लीत मावशीकडं राहायची. तिला पोलीस व्हायचं नव्हतं. तिला काय व्हायचं होतं हे मी कधी विचारलं नाही, मला सोबत हवी होती. अर्जसुद्धा मीच तिला भरायला लावला. आणि ही बया ताडमाड उंच. काही न करता, काही न खाता. रंकाळ्याच्या कडेनं मी धापा टाकत पळायचे आणि ती शेतावर भाकरी पोचवायला निघाल्यासारखी माझ्या पुढं पुढं जायची. वळणावर थांबायची, माझी वाट बघायची, आणि मी पोचले की पुन्हा निघायची. तिचं ते थांबणं मला सहन व्हायचं नाही. पुढं जायचं तर जा ना बाई, असं वाटायचं.

भरतीच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या एका रिटायर हवालदारानं आप्पांना एक गुपित सांगितलं. माणूस झोपेतून उठतो तेव्हा सगळ्यात उंच असतो आणि दिवसभर उभा राहून राहून दबत जातो. ही गोष्ट आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी प्रत्येकजण ती कानात सांगतो. आप्पांना ती लगेच पटली. लोखंड आक्रसतं हे त्यांना रोजच्या कामातून माहीत होतं, मग माणूस का आक्रसणार नाही? त्यांनी ठरवलं की पोरगी अंथरुणातून थेट मैदानावर न्यायची, आडवीच. फौंड्रीचा माल वाहणारा तीनचाकी टेम्पो त्यांनी ड्रायव्हरच्या हातापाया पडून मागून आणला. मागच्या हौद्यात गादी टाकली. मला अंथरुणासकट उचललं आणि त्या गादीवर ठेवलं. काही झालं तरी उठून बसायचं नाही, अशी ताकीद दिली.

अजूनही डोळे मिटले की तो रस्ता मला पाठीखाली लागतो. प्रत्येक खड्डा मी पाठीनं मोजला. गादीच्या कडेनं काळी वाळू आत आली होती, ती मानेत शिरत होती. थंडीनं आक्रसेल म्हणून आप्पांनी माझ्या अंगावर वाकळ टाकली होती आणि उन्हानं सुकेल म्हणून वर छत्री धरली होती. म्हणजे उन्हाचा आणि थंडीचा असा दोन्हीकडून बंदोबस्त होता. मला आभाळाऐवजी छत्रीचा काळा घुमट दिसत होता आणि त्याच्या कडेला फळीवर बसलेली सुनंदा दिसत होती. तिचे गुडघे हनुवटीला लागले होते. ती भाकरीचा तुकडा चावत होती. दसरा चौकात टेम्पो थांबला तेव्हा एका सायकलवाल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून आत डोकावलं आणि हळू आवाजात विचारलं,

"पावणं, कुठल्या दवाखान्यात?"

"दवाखान्यात न्हाय," आप्पा म्हणाले, "भरतीला."

म्हातारा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं टोपी घातली आणि सायकल ढकलत गेला.

एवढं सगळं केलं, पण आप्पांनी एका गोष्टीचा विचार केलाच नव्हता. मैदानाच्या फाटकाबाहेर रांग होती. रस्त्याच्या वळणापलीकडं गेलेली, शेवट न दिसणारी रांग. टेम्पो आत सोडत नव्हते आणि रांगेत आडवं होता येत नाही. आप्पा फाटकावरच्या शिपायाला जाऊन काहीतरी समजावत होते, हातानं आडवं-उभं करून दाखवत होते. शिपाई पोट धरून हसत होता. मी उभी राहिले. ऊन चढलं. मला अंगातून उंची गळताना कळत होती. सुनंदा माझ्या मागं होती, कधी बसायची, कधी उभी राहायची, मध्येच शेंगदाणे खायची.

माझी पाळी आली तेव्हा मोजणाऱ्या बाईंनी पट्टी डोक्याला टेकवली, वाकून बघितलं आणि आणखी एकदा बघितलं. "अर्धं बोट कमी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दया नव्हती. पुढची, असं म्हणाल्या. पुढची सुनंदा होती. तिच्यासाठी त्यांना पट्टी वर सरकवावी लागली.

परतीचा प्रवास मला जास्त आठवतो. आता मी फळीवर बसले होते, आडवं पडायचं काही कारण उरलं नव्हतं. आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. गादी रिकामी होती. सुनंदा पळाली होती, गोळा फेकला होता, दमली होती. ती त्या गादीवर कलंडली आणि तिला झोप लागली. माझ्या गादीवर, माझ्या वाकळेत, तोंड अर्धवट उघडं टाकून, लांबच्या लांब. तिचे पाय हौद्याच्या बाहेर येत होते. मी त्या पायांकडं दसरा चौकापासून पेठेपर्यंत बघत राहिले. माणसाचा इतका द्वेष मी त्याआधी केला नव्हता आणि नंतरही कधी केला नाही.

सुनंदा ट्रेनिंगला गेली, परत आली, कोल्हापुरातच नेमणूक झाली. खाकी तिला काय दिसायची म्हणून सांगू. ती मावशीकडं आली की गल्लीतल्या कट्ट्यावरची पोरं पाय आत घ्यायची. माझी आई आता तिला बशीत चहा द्यायची नाही, कपात द्यायची. ती टोपी काढून आमच्या टीव्हीवर ठेवायची आणि आत गेली की मी त्या टोपीला हात लावायचे. आत घामाचा वास यायचा. एकदा घालूनही बघितली. सैल झाली.

मी बी.ए. झाले, एम.ए. झाले. माणूस जे मिळालं नाही त्याच्या आसपास घुटमळत राहतो, तशी मी घुटमळत होते. एम.फिल.ला विषय शोधत होते तेव्हा आमच्या सरांनी सहज एक प्रश्न टाकला. भरतीच्या दिवशी मैदानाच्या फाटकावर मुंगीला शिरायला जागा नसते, मग खात्यात माणसं कमीच कशी? आलेली माणसं जातात कुठं? सर दुसऱ्या कुणाला तरी विचारत होते, पण तो विषय मी झडप घालून घेतला. सरांना माझा उत्साह संशोधकाचा वाटला. मला खरं तर एवढंच ऐकायचं होतं की ती नोकरी वाईट आहे.

आणि ते मला भरभरून ऐकायला मिळालं. एका ठाण्यात टेबलाखाली तलाठी परीक्षेचं पुस्तक उघडं ठेवून बसलेला पोरगा भेटला. बिनतारी यंत्र खरखरलं की तो पुस्तक गुडघ्यानं झाकायचा. तो म्हणाला की मैदानाची परीक्षा आधी निघाली म्हणून इथं आलो, दुसरं काही लागलं की निघालो. एका जमादारांनी सांगितलं की पेठेतली चांगली पळणारी पोरं आता पुण्याला कंपनीत जातात, आणि जी इथं येतात त्यांचं अर्धं मन गेलेल्यांकडं असतं. स्वतःच्या घरच्या गणपतीचं विसर्जन कधी बघितलं हे एकाला आठवेना. एक बाई म्हणाल्या की बंदोबस्त असला की आपण सकाळपासून पाणी पीत नाही, कारण दिवसभर जिथं उभं करतात तिथं बाईमाणसानं जायला जागा नसते. रजा मागितली की साहेबांचा चेहरा कसा होतो याची नक्कल तर सगळ्यांनाच येत होती. मी मान डोलवत ऐकायचे आणि आतून मला गार गार वाटायचं. बरं झालं अर्धं बोट कमी पडलं, असं मनाशी म्हणत घरी यायचे.

पण हे बरं वाटणं जिना चढेपर्यंत टिकायचं. कारण ती सगळी माणसं शिव्या देतानासुद्धा "आमचं खातं" म्हणायची. आमचं खातं असं, आमचं खातं तसं. एवढ्या हक्कानं शिव्या देता येतील असं माझं काय होतं? मग तक्रारींचाही हेवा वाटायचा. तो पाणी न पिणाऱ्या बाईंचाही वाटला. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण वाटला.

सुनंदाकडं मी सगळ्यात शेवटी गेले. तेव्हा ती पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत राहत होती. नवरा शाहूवाडीकडं शाळामास्तर, लहानगी पोरगी तिच्या आईकडं, आणि ही इथं. पुन्हा तोच मोसम होता, दुपारची वेळ होती, ती नुकतीच मैदानावरून आली होती. आता उंची मोजायचं काम तिच्याकडं होतं. बूट काढून ती भिंतीला टेकून बसली, डोळ्यांखाली काळं आलेलं. म्हणाली, दमते खूप, पण आडवी पडले तरी झोप येत नाही. कधी बोलावणं येईल याकडं कान लागलेला असतो. जयंतीच्या मिरवणुकीला दरवर्षी असते, पण बंदोबस्ताची दोरी धरून, घरच्यांबरोबर नाही. पोरीकडं गेले की पोरगी कधी आलीस असं विचारत नाही, कधी जाणार असं विचारते. हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग म्हणाली, "पोरी टाचा उचलत्यात, डोक्यावर जाडजूड आंबाडा बांधून येत्यात. मी हातानं दाबतो आणि पट्टी खाली घेतो. आज एक अर्ध्या बोटानं गेली. रडली न्हाय. नुस्ती बघत ऱ्हायली, तुझ्यागत. मला वाटलं तिला सांगावं, सुटलीस बाई."

तो शब्द मला लागला. माझ्या इतक्या वर्षांच्या दुःखाला तिनं एका शब्दात सुटका म्हणून टाकलं होतं. आणि पुढच्याच वाक्यात तिनं सांगितलं की ती राजीनामा देणार आहे.

मी माझी वही मिटली. त्या क्षणी संशोधन वगैरे काही राहिलं नाही. मी तिला सोडू नको म्हणाले. सरकारी नोकरी, पेन्शन, बदली मागता येते, वर साहेबांना भेटता येतं, जे सुचेल ते बोलत गेले. एवढे दिवस त्या नोकरीविरुद्ध पुरावे गोळा करणारी मी आता नोकरीच्याच बाजूनं वकिली करत होते. कारण सुनंदानं ती खाकी खुंटीला लावली तर मी इतकी वर्षं जळत आले ते कशावर? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली,

"तुला पायजे हुती म्हणून मी ऱ्हाऊ व्हय, शैले?"

 स्टोव्हवर चहा उतू गेला, तो तिनं फडक्यानं पुसला. पाठमोरी असतानाच ती पुढचं बोलली.

"तुला एक सांगू? त्या दिशी तू टेंपोत पडलीतीस, तुझा बाप वर छत्री धरून बसलता. हात अवघडला की हात बदलायचा, पर छत्री हलू देत नव्हता. मी फळीवर बसून बघत हुतो. मला भरती-बिरती काय नको हुती. मला आपलं वाटत हुतं, आपल्यालाबी कुणीतरी एकदा असं न्यावं."

मी त्या छत्रीचा आतला काळा घुमट पाहिला होता. ती धरणारा हात मला तिथून दिसत नव्हता.

सुनंदानं राजीनामा दिला आणि शाहूवाडीकडं नवऱ्या-पोरीजवळ गेली. गल्लीत लोक तिला येडी म्हणाले. मी काही म्हणाले नाही, पण एक आख्खं वर्ष तिच्याशी बोलले नाही. भरलं ताट ढकलून उठलेल्या माणसाचा भुकेल्याला येतो तसा मला राग होता. माझा प्रबंध पूर्ण झाला, सरांनी कौतुक केलं. माणसं खातं का सोडतात याची त्यात पुष्कळ कारणं आहेत, सगळी खरी आहेत. कधी जाणार असं विचारणारी ती पोरगी मात्र मला कुठल्या प्रकरणात बसवता आली नाही.

पुढच्या माघात ती पुन्हा उगवली, तीही टेम्पो घेऊन. शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरी तिच्याकडं पळायला यायला लागल्या होत्या, त्यांना घेऊन ती भरतीला आली होती. तेव्हापासून दर मोसमाला येते. खातं सोडलेली बाई पोरींना खात्यात धाडते, हे काय म्हणून मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की मी बाहेर पडले म्हणून त्यांनी आत जाऊ नये का? आत काय आहे ते सगळं सांगून धाडते. पाण्याचं सांगते, झोपेचं सांगते. ऐकून एकही माघारी जात नाही. हे सांगताना ती हसली, आणि मला वाटलं, मीही गेले नसते.

काल ती आली तेव्हा ऊन नुकतंच कोवळं पडलं होतं. टेम्पोच्या हौद्यात गाद्या आणि गाद्यांवर पोरी, बरणीत भरल्यासारख्या आडव्या. सुनंदानं खालून मला हाक मारली, चल म्हणाली. कॉलेजला सुट्टी होती. मी निघाले तर आप्पा खोकत खोकत दारापर्यंत आले आणि त्यांनी मला छत्री दिली. आता ते रिटायर झालेत, कानातली वाळू गेली, पण भरतीला टेम्पो निघाला की त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. "पोरींस्नी उठून बसू देऊ नगा," त्यांनी बजावलं.

मैदानाबाहेर तीच रांग होती. पण सुनंदानं इतक्या वर्षांत तिच्यावर उपाय काढलाय. रांगेत पोरींच्या आया पहाटेच येऊन उभ्या राहतात, डोक्यावर पदर घेऊन, एकीमागं एक. पोरी कडेच्या झाडाखाली चटईवर आडव्या असतात. फाटक जवळ आलं की आई बाजूला होते आणि पोरगी तिच्या जागी उभी राहते. फाटकावरच्या शिपायांना हे माहीत झालंय, ते आता हसत नाहीत. मी त्या आयांकडं बघितलं, चटईवरच्या पोरींकडं बघितलं. एवढी साधी युक्ती त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच कशी सुचली नाही?

पोरी आत गेल्यावर आम्ही दोघी पोरींसाठी डबे आणायला रिकाम्या टेम्पोतून पेठेकडं परत निघालो. मी फळीवर बसले. सुनंदा म्हणाली, जरा पाठ टेकते, आणि गादीवर आडवी झाली. दसरा चौक येईपर्यंत तिला झोप लागली होती. तोंड अर्धवट उघडं, पाय हौद्याबाहेर. ऊन तिच्या तोंडावर यायला लागलं, तशी मी आप्पांची छत्री उघडली आणि तिच्यावर धरली. रस्ता अजून तसाच आहे, खड्ड्याखड्ड्याला छत्री हिसका देते. उजवा हात अवघडला, मी डाव्या हातात घेतली. डावा अवघडला, पुन्हा उजव्यात. तिला मात्र जाग आली नाही. खाकी गेली, पेन्शन गेली, आणि बाईला टेम्पोत, भर रस्त्यात, अशी गाढ झोप लागते. मला अजून तिचा हेवा वाटतो.